गुडघे अकोल्याचे, पोट अमरावतीचं

रंजना,

तू गेल्यावर तुझ्या पुण्यानुमोदनाला सगळे बोलले. अंगणवाडीच्या मदतनीस बाई बोलल्या, तुझा भाऊ राजू बोलला, ज्या बायकांना तू कधी आवडली नाहीस त्याही बोलल्या. सून म्हणून चांगली होती, हसतमुख होती, सासर-माहेर दोन्ही घरं तिनं सांभाळली. माईक माझ्यापर्यंत आला तेव्हा मी तो पुढे सरकवला. लोकांना वाटलं, म्हातारीला बोलवत नाही. बोलवत होतं. पण मला जे बोलायचं होतं ते माईकवर बोलण्यासारखं नव्हतं. तू हसतमुख नव्हतीस. दुपारपर्यंत तुझं तोंड वाकडं असायचं, कारण सकाळी तुझी पाठ लाकडासारखी होऊन जायची आणि ती मोकळी व्हायला दुपार लागायची. आणि दोन्ही घरं सांभाळली म्हणतात, त्यातच तू गेलीस असं माझं मत आहे.

ते सगळं मी गिळलं असतं. माझं वय झालं, गिळायची सवय आहे. पण आता गिळता येत नाही. प्रज्ञानं नळ सोडला आहे, रंजना.

तुला कळेल मी काय म्हणते ते. तुझी पोरगी संडासात जाते आणि नळ पूर्ण सोडते. बादली भरते, वाहते, पाणी दाराखालून अंगणात येतं, तरी बंद करत नाही. बाहेर येते तेव्हा ओठ पांढरे. म्हणते, "काही नाही आजी, तोंड धूत होते."

पुण्यानुमोदनाच्या दिवशी भंतेजींसमोर मांडी घालून बसली होती. सगळे उठले, ती उठली नाही. मग भिंतीला धरून, एक पाय सरळ ठेवून उठली. मी तिला आत नेलं आणि सलवार वर केली. उजवा गुडघा भरलेला, गरम. म्हणाली, गाडीवरून पडले. गाडी तर तुझा दवाखाना सुरू झाल्यापासून पंक्चर होऊन भिंतीला टेकली आहे. पडलेला गुडघा कसा असतो आणि आतून सुजलेला कसा असतो हे मला कोणी शिकवायला नको. एवढी वर्षं मी तुझेच गुडघे बघत आले.

मी तिला म्हटलं, पोट कसं आहे? तिनं माझ्या डोळ्यात बघून सांगितलं, "ठीक." अगदी तुझ्यासारखं.

आता सांग, मी काय करू?

लग्न करून वलगावला आलीस तेव्हाही तू नळ सोडून बसायचीस. तेव्हा आमच्याकडे पाणी एक दिवसाआड यायचं. मी दाराबाहेरून ओरडायची, "कावून वं, धबधबा लावला का घरात?" तू आतून म्हणायचीस, "हात धुवून राहिली, आई." मला वाटायचं, पोरगी स्वच्छतेची वेडी आहे. आवाज लपवायला पाणी सोडतेस, आत पोटात कळ येऊन वाकून बसतेस, हे माझ्या डोक्यात कसं यावं? मी ओरडले त्याची माफी मागत नाही. पाणी नव्हतंच. तू एकदा सांगितलं असतं तर टाकी तुझ्या नावानं करून दिली असती.

गुडघा पहिल्यांदा सुजला तो बार्शीटाकळीला, तुझ्या माहेरी. प्रज्ञाच्या बाळंतपणाला गेली होतीस. पोरगी अंगावर पीत होती आणि तुला तिला घेऊन उठता येत नव्हतं. राजूनं तुला अकोल्याला हाडाच्या डॉक्टरकडे नेलं. त्यांनी सुजेच्या गोळ्या दिल्या, तू उभी राहिलीस. आणि तुझ्या मायनं ठरवलं की हे सासरी कळता कामा नये. कळलं तर आम्ही म्हणू, दुखणाईत पोरगी गळ्यात बांधली. खोटं कशाला बोलू, आम्ही म्हटलंच असतं.

पोटाचं मात्र इकडे झालं. प्रज्ञा रांगायला लागली तेव्हा तुला रक्त पडायला लागलं. ते तू माझ्या लेकाला, प्रमोदला सांगितलंस, प्रमोदनं मला सांगितलं. आम्ही तुला अमरावतीला पोटाच्या डॉक्टरकडे नेलं, नळी घालून तपासलं, आतड्याला आतून जखमा आहेत म्हणाले. मी घरात बजावून ठेवलं, बार्शीटाकळीला फोन करायचा नाही. नाहीतर विहीणबाई म्हणणार, पोरीला ठेचा चारून चारून आतडं जाळलं.

अशी वाटणी झाली. गुडघे अकोल्याचे, पोट अमरावतीचं. कोणी बसून ठरवली नाही, पण पक्की होती. दोन्ही घरांची अब्रू तुझ्या अंगात अर्धी अर्धी ठेवलेली, आणि तू ती इकडून तिकडे नेत होतीस. तिकडे गेलीस की पोटाचा शब्द नाही. इकडे आलीस की गुडघ्याचा नाही. माहेरी जायचीस ती लंगडत, यायचीस ती नीट चालत, आणि आल्यावर थोड्या दिवसांत पोट बिघडायचं. मी म्हणायची, माहेरचं पाणी मानवत नाही हिला. तिकडे विहीणबाई म्हणायच्या, सासरी गेली की पोरीचे गुडघे फुगतात, जुंपत असतील कामाला. आम्ही दोघी जे बघत होतो ते खरंच बघत होतो. फक्त अर्धं.

मग तो दवाखाना. तो तू विसरली नसशील. रक्त थांबत नव्हतं, म्हणून अमरावतीला भरती केलं. डॉक्टरांनी विचारलं, "दुखण्याच्या, सुजेच्या गोळ्या घेता का कधी?" तू माझ्याकडे बघितलंस. मग म्हणालीस, "नाही."

त्या दिवशी कोणीतरी राजूला कळवलंच. विहीणबाई आल्या त्या वॉर्डाच्या दारातूनच सुरू झाल्या.

"काय केलं वं माह्या पोरीचं तुमी? नुसते हाडं राहिले!"

"म्या केलं? तुमच्याकडून आली तवापासून पडली हाय. काय चारलं तिले तिथी?"

"दूधभात चारला. आमच्या इथी ठेच्याबिगर घास उतरते लोकायचा."

"ठेच्यानं कोणी मेलं नाई आजपावतर. माह्या सासूनं जलमभर खाल्ला, दात पडले तरी खाल्ला."

"तिचे गुडघे पायले का कधी? हांडे हांडे! आमी गोळ्या खाऊ घालून उभी करतो तिले, अन् तुमी पुन्यांदा बसवता!"

"कोणत्या गोळ्या?"

हे मी नव्हतं विचारलं. शेजारच्या खाटेवरचं सलाईन बदलून परत जाणारी एक तरुण डॉक्टरीण थांबली होती. आम्हाला गप्प करायलाच आली असावी. ती पुन्हा म्हणाली, "आजी, कोणत्या गोळ्या?"

विहीणबाईंनी एकदा तुझ्याकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. मी म्हटलं, "सांगा ना वं, आता कावून मुक्या झाल्या?" मग त्यांनी कमरेची चंची सोडली. सुपारी, तंबाखू, आणि त्याच्यात अर्धी संपलेली गोळ्यांची पट्टी. तुझ्यासाठीच आणली होती. दवाखान्यात पडून पडून पोरीचे गुडघे दुखतील म्हणून. डॉक्टरीण ती पट्टी घेऊन जवळजवळ पळत गेली.

तू भिंतीकडे तोंड केलंस. तुला लाज वाटत होती की सुटल्यासारखं वाटत होतं? मी कधी विचारलं नाही. विचारायला हवं होतं असंही नाही. पण आता उत्तर हवं आहे, कारण तुझी पोरगी तेच तोंड करून भिंतीकडे बघते आहे.

मोठ्या डॉक्टरांनी आम्हा दोघींना एकाच बाकावर बसवलं. मधे अंतर ठेवून बसलो होतो, म्हणाले, जवळ या, मला दोनदा सांगायचं नाही. मग सांगितलं. तुला दोन दुखणी नव्हतीच. एकच होतं. अंग स्वतःच्याच आतड्यावर उठतं आणि तीच आग सांध्यात जाते. पोट पेटलं की गुडघे, घोटे पेटतात, पोट शांत झालं की तेही बहुतेक शांत होतात. पाठीचं वेगळं, ती पोटाचं ऐकत नाही, तिला वेगळं बघावं लागतं. आणि अकोल्याच्या गोळ्या गुडघ्याची सूज उतरवत होत्या, पण त्याच गोळ्या आतड्याला खवळवतात. अकोल्याच्या डॉक्टरांचीही चूक नव्हती. त्यांना कोणी पोटाचं सांगितलंच नव्हतं.

मी विचारलं, "अन् ठेचा?" डॉक्टर म्हणाले, ठेच्यानं हा आजार होत नाही, पण पोट बिघडलेलं असताना देऊ नका. मी विहीणबाईंकडे बघितलं. त्यांनी पदर सारखा केला आणि म्हणाल्या, "देऊ नका म्हणून राहिले, आयकलं ना?"

त्यानंतर दोन्ही गावांचे डॉक्टर तुझ्याबद्दल फोनवर बोलायला लागले. अकोल्याला सांध्याचे दुसरे डॉक्टर धरले. त्यांनी एक इंजेक्शन सुचवलं तर अमरावतीचे म्हणाले, ते सांध्याला चालेल पण या पोटाला कामाचं नाही, दोन्हीला लागू पडेल असं देऊ. आधी टीबी आहे का बघितलं, छातीचा फोटो, हातावर सुई. डोळे लाल झाले तर त्याच दिवशी यायचं, नुसते थेंब टाकून बसायचं नाही, कारण ही आग डोळ्यातही जाते. मी चौथीपर्यंत शिकलेली, इंग्रजी नावं मला येत नाहीत. पण तुझ्या सगळ्या गोळ्या रंगावरून ओळखायची. पिवळी मोठी सांध्याची आणि आतड्याची. पांढरी छोटी, जी मनानं बंद करायची नाही. दुखलंच तर साधी तापाची पॅरासिटामॉल, बस. मेडिकलवाला काही देत असला तरी नाही.

ती पांढरी गोळी. तिच्यावरून आपली किती भांडणं झाली, रंजना. तिनं तुझं तोंड पुरीसारखं फुगलं. अंगणवाडीतलं एक पोट्टं म्हणालं, म्याडमनं गालात लाडू ठेवला. तू घरी येऊन हसत सांगितलंस आणि दुसऱ्या दिवसापासून गोळी गुपचूप अर्धी करून घ्यायला लागलीस. महिना गेला नाही तर पुन्हा अंथरुणावर. मी म्हटलं, "तोंड पाहाले कोण येऊन राहिलं तुह्यं?" तू म्हणालीस, "तुमाले काय जाते आई, तुमचं कोणी पायतच नाई." प्रमोद हसला. मी त्याला हाकललं. खरं सांगते, मलाही हसू येत होतं. या घरात मला तोंडावर बोलणारी तू एकटी होतीस. आता सगळे मला "हो आई" म्हणतात. कंटाळा येतो.

सकाळी मी तुला उठवायची. तू म्हणायचीस, "पाच मिनिटं." मी म्हणायची, "पाच मिन्टात गाडायची येळ येईन, ऊठ, चाल." डॉक्टरांनीच सांगितलं होतं, ही पाठ झोपून धरते आणि चालून सुटते. अंगणात आपण दोघी गोल गोल फिरायचो, तू माझ्या खांद्याला धरून. शेजारीण म्हणायची, सासू बैल फिरवल्यासारखी सुनेला फिरवते. तू मला कसाई म्हणायचीस. मग पाठ सुटली की खांदा सोडायचीस आणि न बोलता चहा ठेवायला आत जायचीस. त्या चहात साखर जास्त असायची. तेवढंच तुझं आभार मानणं.

माझ्या मोतीबिंदूच्या वेळी तुझी बोटं सुजलेली होती. थेंबाची बाटली दाबता येत नव्हती, म्हणून ती दोन तळहातांत धरून दाबायचीस. एक थेंब डोळ्यात, दोन गालावर. प्रमोद म्हणाला, मी टाकतो. मी म्हटलं, नको, हिचंच बरं. मीही तुला कधी आभार म्हटलं नाही. चल, फिटलं.

फ्रिजमध्ये दह्याशेजारी तुझं इंजेक्शन असायचं. मी भांडं मागे ढकललं की ओरडायचीस, "आई, गोठलं तर वाया जाईन!" मांडीत स्वतःच टोचून घ्यायचीस. चांगली वर्षं होती ती. तू पोरांसोबत जमिनीवर बसायला लागलीस. नळाचा आवाज बंद झाला होता. मला वाटलं, जिंकलो.

मग राजूच्या पोरीचं लग्न आलं. इंजेक्शनची तारीख लग्नाच्या आधीच होती. मी म्हटलं, घेऊन जा, तिथं टोच. तुला सर्दी-ताप होता, डॉक्टर फोनवर म्हणाले, ताप उतरू द्या, मग घ्या. ताप उतरला तेव्हा तू बार्शीटाकळीला होतीस आणि इंजेक्शन वलगावला. मी फोन केला, ये, घे आणि परत जा. तू म्हणालीस, "माय एकटी हाय, आई. घर पाव्हण्यायनं भरलं. लगन झालं का येतो." मी म्हटलं, राजूच्या बायकोला हात नाहीत का? तू फोन ठेवलास. आपलं ते शेवटचं भांडण, आणि ते अर्धंच राहिलं. मी बरोबर होते. तुला ते कबूल करायला लावायचं होतं, आणि तू निघून गेलीस.

लग्नाहून आलीस ती पोट धरून. फुगलेलं, हात लावू देईनास. ताप. अमरावतीला नेलं. त्याच डॉक्टरांनी पुन्हा तेच विचारलं, "दुखण्याची एखादी गोळी घेतली का मधे?" या वेळी खाटेच्या पायथ्याशी तुझी माय उभी होती, बाजूला राजू. तू मायकडे बघितलंस. मग म्हणालीस, "नाही."

त्या "नाही"चं मी काय करू, सांग. लग्नघर होतं, तू उभ्यानं राबत होतीस, इंजेक्शन चुकलेलं. गुडघे बोलले नसतील असं होत नाही. कोणी चंचीतून काढून दिली का? तू स्वतः मेडिकलमधून आणली का? की खरंच घेतली नव्हतीस? डॉक्टर म्हणतात, गोळी न घेताही असं होऊ शकतं, इंजेक्शन वेळेवर घेऊनही होऊ शकतं, मोठं आतडं असं एकाएकी फुगून फाटतं कधी कधी. ऑपरेशन केलं. तू टेबलावरून आलीस, पण घरी परत आली नाहीस. मी राजूच्या तोंडाकडे बघते, काही दिसत नाही. विहीणबाईंकडे बघितलंच नाही. पुण्यानुमोदनाला त्या समोर बसल्या होत्या आणि मी बुद्धाच्या मूर्तीकडे बघत बसले.

आणि तुझं सगळं आवरून होत नाही तर प्रज्ञाचा गुडघा.

प्रमोदला सांगितलं तर तो म्हणाला, "आई, तिचं पोट तर चांगलं हाय ना?" आणि डोळे भरले त्याचे. राजूचा फोन आला, "भाचीले अकोल्याले घेऊन येतो, हाडाच्या डॉक्टरले दाखवतो." पुन्हा तेच. पुन्हा गुडघा अकोल्याला आणि पोट नळाखाली. मी राजूला म्हटलं, तिला हात लावला तर बघ. तो चिडला. पोरीनं माझ्याशी बोलणं बंद केलं. कॉलेजला म्हणून जाते, अमरावतीच्या बसमधून मधेच उतरून परत येते. का येते ते मला माहीत आहे. बसमध्ये संडास नसतो.

मी तिला रागावले. मी तिला समजावलं. मी तिच्या पाया पडले, रंजना, हे तुला खरं वाटणार नाही. ती म्हणाली, "आजी, आईनं एवढं सगळं केलं. काय झालं? गेलीच ना?" चांगली वर्षं मिळाली, असं म्हणणार होते. तिच्या तोंडाकडे बघून म्हणवलं नाही.

मग जे जन्मात केलं नाही ते केलं. विहीणबाईंना स्वतः फोन लावला.

मग मी सरळ विचारलं, "गोळी देल्ली व्हती का तिले लग्नात?"

त्या म्हणाल्या, "म्या नाई देल्ली, इनबाई. पण लग्नघर व्हतं. तिनं घेतली का नाई, मले नाई माईत. रोज तेच इचारतो मी तिच्या फोटोले."

मी म्हटलं, "प्रज्ञाचा गुडघा सुजला."

"पोट?"

"नळ सोडून बसते."

त्यांना नळाचं माहीत नव्हतं, तू तिकडे कधी नळ सोडला नसशील, किंवा त्यांनी ऐकला नसेल. पण समजल्या. म्हणाल्या, "येतो मी."

बडनेऱ्याला रेल्वेतून उतरून रिक्षानं आल्या. पिशवीत दूधभात, डब्यात. मी डबा घेतला. आम्ही दोघींनी प्रज्ञाला मधे बसवलं आणि अमरावतीला त्याच डॉक्टरांकडे नेलं. प्रमोद सोबत होता. डॉक्टरांनी गुडघा दाबून बघितला, घोटा बघितला, टाच बघितली. सकाळी पाठ धरते का? थोडी. किती वेळ? अंघोळ होईपर्यंत. डोळे लाल होतात का? नाही. पोट?

"ठीक आहे," प्रज्ञा म्हणाली.

मी प्रमोदला म्हटलं, "तू भाईर जाय." तो म्हणाला, मी बाप आहे. मी म्हटलं, म्हणूनच जा. तो गेला. पोरगी तरी नखानं टेबलाची कड खरवडत बसली. मला वाटलं, संपलं. हिला ओढून आणलं, पण हिचं तोंड मी कसं उघडू? माझं सगळं ओरडणं संपलं होतं.

तेव्हा विहीणबाई बोलल्या. हळू बोलल्या, मला माहीत नव्हतं त्यांना हळू बोलता येतं.

"प्रज्ञा, तुह्या मायनं गुडघे लपवले माह्यासाठी. पोट लपवलं तेबी माह्यासाठीच, का या आजीची बदनामी नको माह्यासमोर. आता आमी दोघी इथी बसलो हाओ. आमाले काई लपवाचं नाई. मंग तू कोणासाठी लपवतं?"

"बाबासाठी," प्रज्ञा म्हणाली.

मग थांबली नाही. बाबा बाथरूममध्ये जाऊन रडतात. बाबांनी आईच्या गोळ्यांचा डबा अजून टाकला नाही. बाबांना कळलं तर ते मरतील. आणि मग सांगितलं की रक्त पडतं. तुझ्या दवाखान्याच्या आधीपासून पडतं, रंजना. तू लग्नाला जायच्या आधीपासून. तू घरात असताना तुझ्यापासूनही लपवलं तिनं. तुझ्याच शेजारच्या खोलीत.

डॉक्टर म्हणाले, हे आईचंच दुखणं आहे असं आत्ता म्हणायचं नाही. आईला असलं म्हणजे पोरीला होतंच असं नाही, दुसरंही काही असू शकतं. रक्त तपासू, शौच तपासू, नळी घालून बघू. तोपर्यंत गुडघ्यासाठी सुजेची कोणतीही गोळी नाही. शेवटचं वाक्य त्यांनी आम्हा दोघींकडे बघून म्हटलं. विहीणबाईंनी चंची उघडून टेबलावर पालथी केली. सुपारी घरंगळत खाली गेली. डॉक्टर हसले नाहीत, तेही तुला ओळखत होते.

बाहेर प्रमोद उभा होता. प्रज्ञानंच त्याला सांगितलं. तो मेला नाही. बाकावर बसला, दोन्ही हात तोंडावर घेऊन, आणि ती लंगडत त्याच्या शेजारी जाऊन बसली.

उद्या तपासणी आहे. आज पोट साफ करायचं औषध प्यायला दिलं आहे, भल्यामोठ्या बाटलीतून, थोडं थोडं. दुपार आहे, ऊन भिंतीवरून उतरतं आहे, विहीणबाई ओट्यावर सुपारी कातरत बसल्या आहेत. प्रज्ञानं पहिला पेला पिऊन तोंड वाकडं केलं आणि विचारलं, "आजी, आई हे पिताना काय म्हणायची?" मी सांगितलं, तुझी आई म्हणायची की हे सासूला पाजा. पोरगी हसली नाही. दुसरा पेला प्यायली.

मला काही आशा वगैरे वाटत नाही. लोक म्हणतात, आता औषधं चांगली निघाली आहेत. तुझ्या वेळीही चांगलीच होती. मला भीती वाटते, एवढंच. आणि माझं वय असं आहे की हिला अंगणात फिरवायला मी किती दिवस खांदा देईन, सांगता येत नाही. कमी पडेल तो तू दे म्हटलं असतं, पण तू नाहीस.

आत्ता ती चौथ्यांदा की पाचव्यांदा आत गेली. मी दाराशी पाट टाकून बसले आहे. मी तिला सांगितलं आहे, काय दिसतं ते मोठ्यानं सांगायचं, आपल्याला उद्या डॉक्टरला सांगायचं आहे. ती म्हणाली, शी, आजी. पण कडी लावली नाही.

टाकी भरलेली आहे, रंजना. नळ बंद आहे. मला सगळं ऐकू येतं आहे.